जहाजधंद्याच्या सूत्रधार : श्रीमती सुमतीबेन मोरारजी

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत एक तरी चरित्रलेख असावा, असा प्रघात आहे. आजवर या पानांतून संत, देशभक्त, समाजसुधारक आणि संस्थेचे आद्य कार्यकर्ते यांची चरित्रे वाचकांसमोर आली. त्यांपैकी काही आमच्याच हातून लिहिली गेली व ज्ञातिबंधुभगिनींनी ती गोड मानून घेतली. यंदा ज्यांचे चरित्र सांगावयाचे योजिले आहे, त्या बाई मात्र आपल्या ज्ञातीच्या नव्हत, कोकणच्या नव्हत, आणि त्यांची मातृभाषाही मराठी नव्हे. मुंबईच्या एका धनाढ्य भाटिया कुळात त्या जन्मल्या आणि तितक्याच धनाढ्य कुळात सून म्हणून गेल्या. स्मरणिका मंडळातील एका वडीलधाऱ्या सभासदांनी, आपल्यातील चरित्रे काय संपली म्हणून परक्याच्या दारी जावे, अशी पृच्छा केली. ती रास्तच होती. तिचे उत्तर देणे आम्हांस भाग आहे, आणि ते देताना आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुली देणेही प्राप्त आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वर्गात आपल्याच ज्ञातीतील एक मुलगी होती. गणितात तिचा हात धरणारा मुलगा वर्गात नव्हता. तिच्या वडिलांचा चिपळुणातच लेथ व वेल्डिंगचा लहानसा कारखाना होता, आणि सुट्टीच्या दिवसांत ती तेथे जाऊन कामगारांच्या मागे उभी राहून सारे न्याहाळीत असे. दहावीनंतर तिला तंत्रनिकेतनात जाऊन यंत्रविषयक पदविका घ्यावयाची होती. वडील सल्ला विचारावयास आमच्याकडे आले. आम्ही क्षणाचाही विचार न करता सांगितले की, मुलीच्या जातीला काळ्या तेलाचा धंदा शोभणार नाही, तिने डी.एड. करावे, शिक्षिका व्हावे, चांगले स्थळ मिळेल. मास्तरांचा शब्द त्या काळी मोडीत नसत. मुलगी शिक्षिका झाली, उत्तम शिक्षिका झाली. तिचे दोघे भाऊ नोकरीनिमित्त मुंबईस गेले आणि वडिलांच्या पश्चात कारखान्याचे यंत्र भंगारात विकले गेले.

दोन वर्षांपूर्वी संस्थेच्या विद्यार्थी सत्कार समारंभात एका सभासदाच्या मुलीने, पुढे काय होणार या प्रश्नास, जहाजावरील इंजिनीअर होणार असे उत्तर दिले. सभागृहात हशा पिकला. तो वाईट हेतूने झाला असे नव्हे, पण पिकला खरा. पुढच्या रांगेत आमची ती जुनी विद्यार्थिनी बसली होती. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. तिने मागे वळून आमच्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा व्यासपीठाकडे नजर वळविली. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, आणि का कोण जाणे, लहानपणी ऐकलेले सुमतीबेन मोरारजी हे नाव आठवले.

हे नाव प्रथम ऐकले ते आमच्या चुलत्यांच्या तोंडून. चिपळूणच्या नव्या पिढीस सांगूनही खरे वाटणार नाही, पण एके काळी आपली मुंबईची वाट समुद्रातून जात असे. मुंबईस बोटीत बसावे, दाभोळपाशी बोट थांबली की पडावात उतरावे, आणि तेथून लाँचने वाशिष्ठीच्या खाडीतून गोवळकोटच्या धक्क्याला लागावे. बोट लागून अर्धमेले झालेले प्रवासी धक्क्यावर पाय ठेवताच ग्रामदेवतेला हात जोडीत. १७ जुलै १९४७ रोजी रामदास बोट बुडून शेकडो माणसे गेली, तेव्हापासून तर आमच्या आजीने समुद्राचे नाव घरात काढू दिले नाही. तरीही घरोघरचे तरुण बोटीवर जात. कारण रत्नागिरी जिल्ह्यातील जमीन पोटापुरते पिकवीत नव्हती. आमचे चुलते सिंदिया कंपनीच्या परदेशी जाणाऱ्या बोटीवर आगवाले होते, म्हणजे बॉयलरपाशी आगीला तोंड देणारे. दीड-दोन वर्षांनी घरी येत, तेव्हा अंगणात माणसे जमत. इतक्या मोठ्या कंपनीचा कारभार एक बाई पाहते, हे ते सांगत तेव्हा ऐकणाऱ्यांस ती दर्यावर्दी थाप वाटे. चुलत्यांनाही तिचा उल्लेख कसा करावा ते नीटसे उमगत नसावे. शेठ म्हणावे तर स्त्री, आणि बाईसाहेब म्हणावे तर ते नाव गोऱ्या मडमांना लागलेले. मग ते नुसते कंपनीची बाई म्हणत.

सुमतीबेन यांचा जन्म विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, १३ मार्च रोजी मुंबईस झाला. वडील मथुरादास गोकुळदास हे कापडगिरण्यांच्या धंद्यातील बडे नाव. आईचे नाव प्रेमाबाई. घराणे वैष्णव, म्हणून मुलीचे नाव जमुना ठेविले. त्या काळच्या रूढीनुसार अगदी लहानपणीच तिचे लग्न झाले आणि सासरी ती सुमती झाली. सासरे नरोत्तम मोरारजी, पती शांतिकुमार हे त्यांचे एकुलते एक पुत्र. मोरारजी गोकुळदास यांच्या या घराण्याचा सोलापूरच्या जुन्या गिरणीशीही संबंध होता, हे सोलापुराकडे सोयरीक असलेल्या आपल्या वाचकांस ठाऊक असेल.

येथे सिंदिया कंपनीचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण सुमतीबेनच्या आयुष्याचा तोच गाभा आहे. पहिले महायुद्ध संपले त्या वेळी हिंदुस्थानच्या समुद्रावर हिंदी माणसाची अशी बोट जवळजवळ नव्हती. मालाची ने-आण, प्रवासी, टपाल, सारे इंग्रज कंपन्यांच्या हाती होते. १९०६ साली दक्षिणेत चिदंबरम पिल्ले यांनी स्वदेशी बोटींचा उपक्रम केला, तो भाडी पाडून आणि सरकारी वरवंटा फिरवून नामशेष करण्यात आला होता. हे डोळ्यांपुढे असूनही १९१९ साली सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी, इतर एकदोघा उद्योगपतींसह, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडील लॉयल्टी नावाची बोट विकत घेतली. युद्धात तिचा उपयोग रुग्णालयासारखा झाला होता. शिंदे सरकारांची बोट म्हणून कंपनीचे नावही सिंदिया असेच पडले. ५ एप्रिल १९१९ रोजी ही बोट मुंबईहून विलायतेकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. बोट जुनी होती व तिने पैसा मिळविला नाही, हेही सांगितले पाहिजे. समारंभाच्या भाषणांत एवढे वगळले जाते.

नंतरची काही वर्षे इंग्रज कंपन्यांनी भाडी इतकी खाली आणली की नव्या कंपनीला माल मिळणे मुष्कील झाले. १९२३ साली तडजोडीचा करार झाला, आणि त्यात सिंदियाने केवळ किनाऱ्यावरील मालवाहतूक करावी, प्रवासी घेऊ नयेत, बोटी ठराविक मर्यादेपलीकडे वाढवू नयेत, अशा अटी पत्कराव्या लागल्या. वालचंदांच्या मनात तो करार शेवटपर्यंत सलत राहिला.

याच १९२३ साली नरोत्तमशेठनी आपल्या सुनेचा कंपनीच्या व्यवस्थापकीय एजन्सीत समावेश केला. सून त्या वेळी विशीच्या आतील. ही गोष्ट आज वाचताना साधी वाटते. परंतु त्या काळी मुंबईच्या सधन घरांतील सुना बंद गाडीतून देवळात जात आणि बंद गाडीतून परत येत. पेढीवर स्त्रीचे पाऊल पडणे हे घराण्याला बाध आणणारे मानले जाई. अशा वेळी सासऱ्याने सुनेस हिशेबाच्या वह्यांपाशी आणावे, हे धाडस प्रथम त्या सासऱ्याचे आहे. आम्ही सुमतीबेनचे गुणगान करावयास बसलो आहोत, पण दार त्यांनी स्वतः फोडले असे म्हणणे खरे होणार नाही. ते घरच्यांनी आतून उघडले. मात्र आत गेल्यावर तेथे टिकून राहणे हे त्यांचे कर्तृत्व. एजन्सीत नाव घातलेल्या आणि सही करण्यापलीकडे काहीही न केलेल्या स्त्रिया मुंबईच्या पेढ्यांत त्या वेळी थोड्या नसतील.

जहाजधंदा शिकावयाचा म्हणजे काय, हे आपण खाडीकाठी राहूनही बहुधा जाणत नाही. कापडगिरणीचा मालक आपली गिरणी रोज डोळ्यांनी पाहतो. बोटीच्या मालकाची सारी मालमत्ता मात्र दूरच्या समुद्रावर तरंगत असते आणि त्याने ती महिनोन् महिने पाहिलेली नसते. बोट मालाने भरून चालती असेल तर ती कमावते. बंदराबाहेर धक्क्याची वाट पाहत नांगरून पडली तर रोज खाते. खलाशांचा पगार व अन्न, कोळसा किंवा तेल, विमा, बंदराचे शुल्क, कर्जाचे व्याज, यांपैकी एकही खर्च तिच्यासाठी थांबत नाही. जाताना कोळसा मिळाला तरी येताना तांदूळ मिळाला पाहिजे, नाहीतर रिकाम्या बोटीचा फेरा अंगावर पडतो. ठराविक मुदतीने ती सुक्या गोदीत घेऊन तिचा तळ खरवडावा लागतो, तेवढे दिवस कमाई बंद. कोणती बोट केव्हा घ्यावी व केव्हा मोडीत काढावी, हा तर शुद्ध हिशेबाचा आणि थोडा नशिबाचा भाग. भाव चढलेले असताना घेतलेली बोट भाव पडल्यावर गळ्यातला धोंडा होते. हे सारे कप्तानांशी, दलालांशी, बंदर अधिकाऱ्यांशी आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांशी बोलून शिकावे लागते. या साऱ्या मंडळींत त्या काळी स्त्री म्हणून एकही नव्हती.

१९२९ साली नरोत्तमशेठ वारले. ज्यांनी आत आणले त्यांचा आधार सुटल्यावर सून घरी परतेल अशी अपेक्षा कोणी केली असल्यास ती फोल ठरली. कंपनीचे अध्यक्षपद वालचंदांकडे गेले. शांतिकुमार कंपनीत होतेच. सुमतीबेन आपले काम करीत राहिल्या आणि यथाकाल संचालक मंडळात आल्या. या वर्षांत कंपनीने हळूहळू हातपाय पसरले. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सिंदियाच्या ताब्यात आली. कोकणच्या बंदरांना लागणाऱ्या बोटी याच कंपनीच्या होत्या. म्हणजे दाभोळला पडावात उतरणाऱ्या आपल्या आजे-पणज्यांच्या तिकिटाचे पैसे शेवटी ज्या कचेरीत मोजले जात, त्या कचेरीत एक स्त्री संचालक होती, आणि ही गोष्ट त्यांच्यापैकी शंभरात एकालाही ठाऊक नसावी.

मोरारजी दांपत्याचा महात्माजींशी निकटचा स्नेह होता. आगाखान पॅलेसमधील कारावासातून मे १९४४ मध्ये सुटल्यावर महात्माजी विश्रांतीसाठी जुहूला राहिले, ते यांच्याच घरी. रामराज्य हा बोलपट त्यांनी पाहिला तोही जुहूच्या याच मुक्कामात. १९४२ ते १९४६ या काळात सुमतीबेनचा भूमिगत चळवळीशी संबंध होता. इंग्रज सरकारच्या परवान्यांवर ज्यांचा धंदा चालतो त्यांनी इंग्रज सरकारविरुद्धच्या चळवळीस हात द्यावा, यात जोखीम किती होती ते दुकानदारी करणाऱ्या आपल्या सभासदांस आम्ही सांगावयास नको. त्याच वेळी युद्धात कंपनीच्या काही बोटी शत्रूने बुडविल्या होत्या आणि त्यांवर आपल्या किनाऱ्यावरची माणसेही होती.

१९४६ साली कंपनीच्या कारभाराची सूत्रे पूर्णपणे सुमतीबेनच्या हाती आली. त्या वेळी सहा हजारांहून अधिक माणसे कंपनीच्या चाकरीत होती. त्यांत कचेरीतील कारकून होते, गोदीतील मुकादम होते, कप्तान व इंजिनीअर होते, आणि सारंग, टंडेल, आगवाले होते. पुढच्याच वर्षी देशाची फाळणी झाली. सिंधमधून निघालेल्या हिंदू कुटुंबांना समुद्रमार्गे इकडे आणण्याचे काम पडले, तेव्हा सिंदियाच्या बोटी त्या कामी लागल्या. ते घडवून आणण्याचे श्रेय सुमतीबेनना दिले जाते. मालाच्या बोटीत माणसे आणणे हे काही नफ्याचे काम नव्हे.

१४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणम येथे जलउषा ही बोट पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आली. ज्या कारखान्यात ती बांधली गेली तो सिंदियानेच, वालचंदांच्या हट्टाने, १९४१ साली सुरू केला होता. स्वतंत्र भारतात बांधलेली ही पहिली मोठी आगबोट. पुढे १९५२ साली तो कारखाना सरकारकडे गेला. तत्पूर्वी १९५० मध्ये वालचंद कंपनीच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झाले होते आणि १९५३ साली ते कालवश झाले. कंपनी स्थापन करणाऱ्या पिढीतील दोन्ही खांब गेले. जहाजधंद्यातील स्पर्धक कंपन्या मात्र तशाच होत्या, आणि आता सरकारही या धंद्यात उतरले होते. १९६१ साली सरकारी मंडळे एकत्र करून शिपिंग कॉर्पोरेशन स्थापन झाले.

१९५६ साली भारतीय जहाजमालकांच्या संघटनेने आपल्या अध्यक्षपदी सुमतीबेनची निवड केली. जहाजमालकांच्या संघटनेची अध्यक्ष स्त्री होणे हे जगात कोठेही पूर्वी घडले नव्हते, असे सांगितले जाते. एकाच वर्षापुरता मान देऊन त्यांना मोकळे केले असेही झाले नाही. पुढच्या वर्षी त्यांचीच निवड झाली, आणि १९६५ साली पुन्हा एकदा. यातील खरी गोम अशी की, मतदार म्हणजे त्यांचेच प्रतिस्पर्धी होते. घरच्या कंपनीत सुनेला खुर्ची मिळाली म्हणणाऱ्यांचे तोंड येथे बंद होते. दुसऱ्या कंपनीचा मालक आपला प्रतिनिधी म्हणून सरकारपुढे बोलावयास ज्या व्यक्तीला पाठवितो, ती धंदा जाणणारी असल्याखेरीज पाठवीत नाही. भाड्याचे दर, बोटींसाठी सरकारी कर्ज, परदेशी कंपन्यांच्या गटांत भारतीय बोटींना जागा, असे त्या वेळच्या मालकांपुढचे प्रश्न होते, आणि त्यांची भाषा आकड्यांची होती.

आकड्यांवरून आठवले. सुमतीबेनच्या कारकीर्दीत सिंदियाचा काफिला ४३ बोटींपर्यंत वाढला आणि त्यांची एकूण भारवहनक्षमता ५,५२,००० टन झाली. मास्तरकीची खोड जात नाही म्हणून हिशेब करून पाहिला. दहा टन माल घेणारी मालमोटार धरली तर इतका माल वाहावयास ५५,२०० मोटारी लागतील. प्रत्येकीस दहा मीटर जागा दिली आणि एकीच्या मागे एक अशा उभ्या केल्या, तर रांग ५५२ किलोमीटरची होईल. चिपळूणहून मुंबई गाठून परत चिपळुणास आलो तरी तिचे शेपूट संपणार नाही. परशुराम घाटात दोन मालमोटारी अडकल्या तर आपला अर्धा दिवस जातो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बाईंच्या टेबलावर रोज काय येत असेल याची कल्पना येते.

त्यांच्या स्वभावाचे एक उदाहरण जगभर ठाऊक आहे. १९६५ साली वृंदावनातील एक एकोणसत्तर वर्षांचे संन्यासी, भक्तिवेदान्त स्वामी, धर्मप्रचारासाठी अमेरिकेस जाण्याकरिता बोटीवर जागा मागावयास त्यांच्याकडे आले. सुमतीबेन स्वतः श्रीकृष्णभक्त. तरीही त्यांनी प्रथम नकार दिला. वय, तिकडची थंडी, परक्या देशात कोणी ओळखीचे नाही, असा सारा विचार त्यांच्या मनात होता. स्वामी हटेनात, तेव्हा त्यांनी जलदूत या मालबोटीवर त्यांना जागा करून दिली. ऑगस्टमध्ये कलकत्त्याहून निघालेल्या स्वामींना वाटेत हृदयविकाराचे झटके आले. म्हणजे बाईंची भीती अनाठायी नव्हती. पुढचा इतिहास सर्वविदित आहे. आम्हांस या प्रसंगात भक्तीपेक्षा त्यांचा तो पहिला नकार अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्या बोटीवरील माणसाच्या जिवाची जबाबदारी आपली आहे, असे समजणाऱ्या मालकाचा तो नकार होता.

१९७१ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. जुहूस त्यांनी शाळाही काढली. ते सर्व विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. किताबांची यादी कोणीही देऊ शकतो.

उलट, जे सहसा लिहीत नाहीत ते लिहिले पाहिजे. १९७९ साली त्या कंपनीच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा जहाजधंद्याचे रूप पालटत होते. पूर्वी गोणी, पेट्या, गठ्ठे असा सुटा माल हमाल चढवीत-उतरवीत आणि बोट आठवडाभर धक्क्याला राही. आता लोखंडी पेटाऱ्यात बंद केलेला माल यारीने थोड्या वेळात चढू लागला, त्यासाठी बोटीही निराळ्या आणि बंदरेही निराळी लागू लागली. सुट्या मालाच्या जुन्या बोटी मागे पडल्या. तेल महागले. १९८० नंतर जगभर मंदी आली आणि कर्ज काढून घेतलेल्या बोटी डोईजड झाल्या. सिंदियावर कर्जाचा डोंगर उभा राहिला आणि १९८७ साली सरकारने कंपनीचा ताबा घेतला. सुमतीबेन १९९२ पर्यंत सन्माननीय अध्यक्ष म्हणून राहिल्या, परंतु सूत्रे त्यांच्या हाती नव्हती. उभ्या आयुष्यात वाढविलेली कंपनी डोळ्यांदेखत गेली. त्या काळात जगातील कितीतरी जहाज कंपन्या बुडाल्या आणि त्यांचे मालक पुरुष होते. तरी सिंदिया गेली तेव्हा बायकांच्या हाती कारभार दिल्यावर असेच व्हायचे, असे म्हणणारे आम्ही याच चिपळुणात कानांनी ऐकले आहेत. तिचा चढता काळ होता तेव्हा मात्र ते कर्तृत्व सासऱ्याचे, नवऱ्याचे किंवा वालचंदांचे होते. स्त्रीच्या वाट्याला हा असा दुहेरी हिशेब येतो, आणि तो मांडणाऱ्यांत आम्हीही एके काळी होतो.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. सुमतीबेनचे देहावसान २७ जून १९९८ रोजी झाले. त्याच वर्षी कोकण रेल्वे देशाला अर्पण झाली होती. दाभोळला बोट लागणे त्यापूर्वीच बंद पडले होते. मालकाच्या खुर्चीवर एक स्त्री पन्नास वर्षे वावरली, पण बोटीच्या पोटात, यंत्रघरात, स्त्री इंजिनीअर पोहोचावयास तिच्या मृत्यूनंतरचे वर्ष उजाडावे लागले. १९९९ साली कलकत्त्याच्या सागरी अभियांत्रिकी संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या सोनाली बॅनर्जी या देशातील पहिल्या स्त्री सागरी इंजिनीअर होत. पुढे राधिका मेनन या भारतीय व्यापारी जहाजावरील पहिल्या स्त्री कप्तान झाल्या. जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात वादळात सापडलेल्या होडीतील सात मच्छीमारांना त्यांनी वाचविले आणि २०१६ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने त्यांच्या शौर्याचा गौरव केला. यांच्यापैकी कोणाचाही सासरा जहाज कंपनीचा मालक नव्हता.

आमच्या ज्ञातीत जहाज कंपनी कोणाची नाही. पण लोटे-परशुराम, खेर्डी आणि गाणे-खडपोली येथे आपल्या सभासदांचे लहान कारखाने आहेत, गॅरेजे आहेत, लाकडाच्या वखारी आहेत, दोघातिघांच्या मालकीच्या मच्छीमारी होड्या आहेत. वडिलांच्या पश्चात मुलगा नाही म्हणून, किंवा मुलगा मुंबईस आहे म्हणून, यंत्र विकल्याची उदाहरणे गेल्या दहा वर्षांत आम्ही मोजली तेव्हा दोन्ही हातांची बोटे पुरली नाहीत. त्या घरांत मुली होत्या. कित्येक घरांत त्या हिशेब पाहत होत्या, गिऱ्हाइकास बिल देत होत्या, कामगारांचे पगार वाटीत होत्या. कारखाना तुझ्या नावे करतो, असे त्यांना कोणी म्हटल्याचे आमच्या कानी नाही.

ज्या मुलीच्या उत्तरावर सभागृहात हशा पिकला, ती आता बारावीस विज्ञान शाखेत आहे आणि सागरी अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत आहे. तिला गणित शिकवावयास आम्ही तयार होतो. परंतु त्या परीक्षेचे गणित आमच्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिकला झेपणारे नाही, हे दोन दिवसांत ध्यानी आले. तेव्हापासून सायंकाळी आमची ती जुनी विद्यार्थिनी तिला शिकवावयास जाते. फी घेत नाही.